पांढऱ्या चिठ्ठ्यांची हकिकत

श्रीगणेशास नमन, सरस्वतीस नमन, आणि गेटावरील मारुतीस लांबूनच नमन, कारण जवळ जावयास पास लागतो. शके १९०८, क्षयनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. ऐसी राज्ये बहुत आहेत. मनुष्याचे गुप्त मत याएवढे पवित्र भूमंडळी दुसरे काही नाही, ते पाहावयाचा अधिकार देवासही नाही, ऐसे थोरांचे वचन आहे. ते वचन या राज्यी पहिल्या चिठ्ठीपर्यंत टिकले.

राज्य म्हणजे कारखाना. प्रजा चारशे अकरा, ती पाण्याचे पंप करीत असे. राजे म्हणजे मालक दूर शहरी राहत, आणि येथे त्यांचे दिवाण म्हणजे मॅनेजर कारभार पाहत. प्रजेची एक युनियन होती, आणि तिच्या अध्यक्षपदी हैबतराव कोंढरे, ज्यांस सर्व अण्णा म्हणत, ते बारा वर्षे विराजमान होते. निवडणुकीची चाल ऐसी की, सर्वांनी गेटाच्या आत पटांगणी जमावे, अण्णांनी आपलेच नाव पुकारावे, आणि सर्वांनी हात वर करावे. आणि वरच्या खिडकीत दिवाणसाहेब चहा घेत उभे असत, ते कोणाचा हात किती वर गेला हे पाहत, मग ज्याचा हात खांद्याखाली राहिला त्याचा ओव्हरटाइम महिनाभर त्याच उंचीवर राही.

त्या साली पॅकिंगखात्यातील द्वारकाबाई खरमाटे अध्यक्षपदास उभ्या राहिल्या. त्यांच्या मागण्या दोन: प्रत्येकास महिन्यास एक साबणाची वडी, आणि पेंटशॉपात नाकावर बांधावयास मास्क. पेंटशॉपात असामी एकच, येसबा लिगाडे. ते सहा वर्षे पंपांवर पिवळा रंग फवारीत होते, आणि आता खोकत तोही पिवळाच. डॉक्टरने निक्षून सांगितले होते की मास्क घ्या अथवा काम सोडा, नाही तर छाती दोन वर्षे पुरणार नाही. येसबांनी मास्कासाठी सहा अर्ज अण्णांकडे दिले, आणि अण्णांनी ते बहुत जपून ठेविले, इतके की पुढे कोणासच सापडले नाहीत. मग द्वारकाबाईंनी तिसरी मागणी केली की यंदा हात नकोत, मत चिठ्ठीवर आणि पेटीत घ्यावे. तेथून वादास प्रारंभ जाहला, आणि तो तीन महिने चालला.

भर सभेत अण्णा बोलिले, "आईचं दूध प्यालेला माणूस हात वर करायला भितो काय?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "अण्णा, हात वर करायला कोण भितंय. खाली घेतल्यावर त्या हाताला काम राहतं का, एवढंच विचारते."

यावर सभा हसली, आणि कोण हसले ते अण्णांनी लिहून घेतले. मग कोणी म्हणे उघड मत हा मर्दपणा, कोणी म्हणे गुप्त मत हीच लोकशाही, आणि मशीनशॉपचे बहुतेक म्हणत की काहीही करा पण जेवणाच्या सुट्टीत नको. दिवाणसाहेब आधी उघड मताच्या पक्षी होते. परंतु अण्णांनी बोनसाचा विषय काढला त्या दिवशी त्यांस लोकशाहीचा कळवळा आला, आणि बोनसाचा विषय मिटला त्या दिवशी तो ओसरला, परंतु तोवर पेटी करावयास टाकली होती. म्हणून गुप्त मतदान मंजूर जाहले.

द्वारकाबाईंच्या पक्षाने तयारी बहुत चोख केली. पेटीस दोन कुलुपे, दोन्हींच्या किल्ल्या दोन पक्षांकडे. आडोशास गोणपाटाचा पडदा, त्यास एकही भोक नाही. पेन्सिली एकसारख्या, की अक्षरावरून कोणी ओळखू नये. आणि चिठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत कागदाच्या, कारण पवित्र कार्यास खाकी कागद बरा दिसत नाही. पेटी, पडदा, पेन्सिल, सर्वांचा विचार जाहला. हाताचा विचार कोणीच केला नाही. आणि दिवाणसाहेबांची आज्ञा होती की उत्पादन थांबू नये, म्हणून प्रत्येकाने यंत्रावरून उठावे, मत द्यावे, परत यंत्रावर जावे.

मग पहिला मतदार फौंड्रीचा आला, त्याने आडोशास फुली मारिली, घडी घातली, पेटीत टाकू लागला, तो चिंतोपंत टाइमकीपर, जे पेटीशी बसले होते, ते सहज बोलून गेले, "हां, फौंड्री सुरू झाली." कारण घडीवर पाची बोटे काळी उमटली होती. रांगेतील सर्वांनी ते ऐकिले आणि सर्वांनी आपापले हात पाहिले. फौंड्रीचा काळा, मशीनशॉपचे तेल, पॅकिंगचा डिंक, पेंटशॉपचा पिवळा. मग कोणी विजारीस पुसू लागले, कोणी थुंकी लावू लागले, कोणी साबण मागू लागले, परंतु साबण हा निवडणुकीचा मुद्दा होता, वस्तू नव्हे. त्यात अण्णा रांगेवरून फिरले आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोकळ्या मनानं मत द्या बाबांनो. आम्ही काही कागद ओळखणार नाही." इतके ऐकिले आणि रांगेत कोणी खोकेनासे जाहले, एक येसबा सोडून.

फौंड्रीचा मुकादम येसबांस हलकेच म्हणाला, "येसू, रॉकेल देतो, हात पूस. तुझ्या खात्यात तू एकटा."

येसबा म्हणाले, "सहा अर्जांवर सही केली होती, नाव-गाव-खातं सगळं. तेव्हा काय झालं? आता अंगठा उमटला तर जास्तीचं काय होणार." आणि आत गेले, आणि मत दिले, आणि घडी पिवळी निघाली.

सायंकाळी पाच वाजता मोजणी जाहली. हैबतराव यांस चारशे दहा, द्वारकाबाई यांस एक, आणि ती चिठ्ठी कोणती हे चिंतोपंतांस उलगडून पाहावे लागले नाही. येसबांनी ते ऐकिले, आणि गेटाशी द्वारकाबाईंस गाठून पुसिले, "बाई, माझं एक धरलं. तुमचं स्वतःचं कुठं गेलं?"

द्वारकाबाई भुईकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "पॅकिंगला आम्ही नऊ बाया, भाऊ. सगळ्या टेम्परवारी. फौंड्रीची पहिली चिठ्ठी पडल्यावर अण्णा येऊन बोलले, 'डिंकाच्या नऊच्या नऊ चिठ्ठ्या माझ्या नावाच्या निघाल्या तर आठ जणींना पर्मनंट करतो.' आठ जणींची मतं मी अण्णांसाठी मागू शकत होते. नववं मलाच द्यावं लागलं."

येसबा थोडे खोकले, आणि मग म्हणाले, "बरं केलंत." ते खरे म्हणाले की कसे, याविषयी कागदपत्र उपलब्ध नाही.

येणेप्रमाणे गुप्त मतदान यथासांग पार पडले, कोणावर जबरदस्ती जाहली नाही, पेटीची कुलुपे शाबूत निघाली, ऐसा लेखी दाखला दोन्ही पक्षांनी दिला. येसबा लिगाडे यांस प्रकृतीच्या कारणास्तव पेंटशॉपातून काढून भट्टीवर दिले. ते तेथे चौदा महिने होते. आठ बायांची फाइल दिवाणांकडे गेली. हैबतराव पुढे अठरा वर्षे अध्यक्ष राहिले, आणि दर खेपेस मतदान गुप्त पद्धतीनेच घेतले गेले.