बेहेरे काकांचं बेट

बेहेरे काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. आपण दारात "या, या" करत उभे, आणि हे छत न्याहाळत आत येणार. झुंबराखाली बसणार नाहीत, भिंतीवरच्या टीव्हीखाली तर नाहीच नाही. आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी पूजा चालू असताना गुरुजींना पाटासकट दोन फूट सरकवलं, कारण वर पंखा होता. मग तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि शांतपणे विचारलं, "या घरात वाईटात वाईट काय होऊ शकेल?" माझ्या बायकोचा अजून पहिला कुकरही व्हायचा होता.

काका इथले, अमेरिकेतल्या रेडमंडमधले आमचे शेजारी. जन्मभर त्यांनी एकच काम केलं: वादळ आलं तर कुणाची किती घरं पडतील, हे वादळाच्या आधी सांगायचं. कॉम्प्युटरवर त्यांनी इतकी गावं पाडली आहेत, की खऱ्या वादळांनी त्यांच्याकडे शिकवणीला यावं. आपण विमा कंपनीकडे विमा काढतो. ती कंपनी मनातून घाबरलेली असते, म्हणून ती आणखी मोठ्या कंपनीकडे स्वतःचा विमा काढते. काकांचा धंदा या वरच्या मजल्यावरचा. आणि हा वरचा मजला, काका सांगतात, भर समुद्रात आहे. बर्म्युडाला.

ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, होते. काका ताटात पुरी ठेवतात. ही अमेरिका. शेजारी मिठाचा खडा. हे बेट. "अमेरिकेतल्या कारखानदारांना विमा महाग पडायला लागला. एकाच्या डोक्यात आलं, आपणच आपली विमा कंपनी काढू. इथे काढायची तर नियम फार. बेटावर इन्कम टॅक्स नाही, कायदा इंग्रजांचा, न्यूयॉर्कहून विमानानं दोन तास, आणि सरकारी माणूस फोन उचलतो." एवढ्यात पुरी गार होते. मग कोर्टांनी भरपायांचे डोंगर मंजूर केले, विमेवाल्यांनी हात वर केले, तेव्हा कारखानदारांनी एकत्र येऊन बेटावर मोठ्या कंपन्या काढल्या. मग फ्लोरिडात चक्रीवादळानं गावंच्या गावं झोपवली, आणि नवा पैसा विमानात बसून बेटावर उतरला. मी स्वतः ऐकलंय, तिथे एकेका दारावर इतक्या पाट्या आहेत की बेल दाबायला जागा नाही.

"संकट आलं की बेट वाढतं," काका अभिमानानं सांगतात. इकडे बाया पडक्या घरापुढे रडतायत, तिकडे भिंतीत नव्या पाटीचा खिळा. पुढे काकांचं ब्रीदवाक्य: "रिस्क विकायची. घरात ठेवायची नाही." नियमाप्रमाणे थोडी स्वतःकडे ठेवावीच लागते, तिला रिटेन्शन म्हणतात. हा शब्द काका कारल्याचा घास घेतल्यासारखा उच्चारतात.

मी एकदा विचारलं, बेटावर वादळं येत नाहीत का? येतात की, म्हणाले, पण तिथली माणसं शहाणी. घरं दगडाची, छपरंसुद्धा दगडाची. समुद्र कसा आहे, विचारलं तर म्हणाले, मीटिंगच्या खोलीला जाड पडदे होते. विमेवाल्यांच्या विम्याचे बहुतेक करार एक जानेवारीला नवे होतात, त्यामुळे काकांचा डिसेंबर कायम बेटावर. मीनाकाकू इथे एकट्या. अशाच एका डिसेंबरात त्यांनी घराच्या भिंतीला लागून देवदाराचं रोप लावलं. नको म्हणायला काका घरात नव्हते.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. देवदार छपराच्या वर गेला.

या शरद ऋतूत काकांच्या विमा कंपनीनं घराचा आकाशातून फोटो काढला, कॉम्प्युटरला दाखवला, आणि काकांना कळवलं की झाड छपरावर झुकलंय. तोडा, नाहीतर पॉलिसी बंद. काका फोनवर तासभर भांडले. तुमच्या कॉम्प्युटरला वाऱ्यातलं काय कळतं, म्हणाले. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात वादळाचा हिशेब मांडणाऱ्या मॉडेलचं नाव सांगितलं, आणि काकांनी फोन ठेवला. मॉडेल त्यांचंच होतं. आमची गल्ली आठवडाभर हसली. सगळ्यात मोठ्यानं मी. दूरच्या चँडलर गावाहून त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा फोन आला. "बाबा, जस्ट कट इट. इट्स युअर ओन मॉडेल."

झाड तोडणारा दोर, करवत, यंत्र घेऊन आला. काकांनी त्याला आल्याचा चहा पाजला आणि परत पाठवलं. पॉलिसी बंद झाली. घराचं कर्ज कधीच फिटलेलं, त्यामुळे विम्याची सक्ती करायला बँकही नाही. रेडमंडच्या हिवाळी वाऱ्यात आता ते घर उघडं उभं आहे.

परवा चार वाजताच अंधारून आलं होतं, पाऊस बारीक चालू होता, आणि पंख्याखाली न बसणारे बेहेरे काका देवदाराला लावलेल्या ओल्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे. खांद्यावर दिव्यांची माळ. मी धावत जाऊन शिडी धरली.

"काका, रिस्क विकायची ना?"

"ही माझी रिटेन्शन," वरून आवाज आला. "घट्ट धर."

त्यांनी माळ झाडाला गुंडाळली. मग म्हणाले, "मीना दर डिसेंबरात हे दिवे लावायची. फोनवर सांगायची, येताना खिडकीशी बस, वरून आपलं घर दिसेल."

"दिसायचं?"

काका एक एक पायरी उतरत राहिले.

"मी कायम वाटेकडची आयल सीट घ्यायचो," ते म्हणाले. "काही झालं तर बाहेर पडायला बरं."

मी बटण दाबलं. काका वर बघत तिथेच उभे राहिले, बरोबर झाडाखाली.