पायाळूची कंबर

नारळाचं पोतं उचलताना शिवदासच्या कमरेत कट्‌कन काहीतरी झालं आणि डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत कळ सणसणत गेली. तो वाडीतच आडवा झाला आणि पोत्याला, नारळांना, नारळांच्या सात पिढ्यांना शिव्या घालू लागला.

दुखण्यापेक्षा संताप मोठा होता. शिवदास पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाने पाठीत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे दिवेआगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाळीस वर्षं गावाच्या कमरा त्याच्या डाव्या पायावर विसंबून होत्या. आता त्याचीच कंबर धरली हे फुटलं असतं, तर गावात काय इज्जत राहिली असती?

"माणगावला डॉक्टरकडं चला," त्याची बायको कोकिळा म्हणाली.

"पायाळू माणूस डॉक्टरकडं जातो? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"मग मारा स्वतःच्याच पाठीत लाथ."

तो आणखीच भडकला.

तापाचं निमित्त सांगून त्याने तीन दिवस अंथरूण धरलं. चौथ्या दिवशी नेमका बुधाजी कमरेवर हात ठेवून ओटीवर हजर.

"दादा, होडी वढताना उसण भरली. एक लाथ द्या."

"ताप हाय मला."

"ताप अंगात. पाय तर मोकळा हाय ना?"

मेला जाता जात नव्हता. शेवटी शिवदास खांबाला धरून उठला, दातओठ खात डावा पाय उचलला, आणि अशी कळ आली की लाथेऐवजी तो सगळाच्या सगळा बुधाजीवर कोसळला.

"उतरली, दादा," म्हणत बुधाजी वाकडातिकडा निघून गेला. शिवदासचा पाय मात्र बधिर पडला. मग कोकिळेने एक अक्षर ऐकून न घेता त्याला रिक्षात घातलं.

माणगावच्या दवाखान्यात बाकावर बुधाजी बसला होता. शेजारी गावातलेच अनंता आणि कृष्णाबाई, कमरेला पट्टे बांधून. शिवदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हितं काय करता रे सगळी?"

"तुमास्नी वाईट वाटू नये, म्हणून आदी तुमची लाथ," कृष्णाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "मंग हितलं औषध. गेली धा वर्षं असंच चाललंय."

आत डॉक्टरांनी शेजारच्याच केंद्रातून एमआरआय काढून आणायला लावला, मग तो उजेडावर धरला. "मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. घाबरू नका, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. सहा-आठ आठवडे गोळ्या, सांगतो तो व्यायाम, थोडं चालणं. वजन उचलायचं नाही. पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडली, तर मात्र ताबडतोब यायचं." त्यांनी कागद पुढे ओढला. "दिवेआगरचे ना? मग लाथ कधी खाल्लीत?"

शिवदासने दाराकडे पाहिलं. बाकावरचे तिघेही अजून कान देऊन बसले होते.

"खाल्ली न्हाय," तो दात खाऊन म्हणाला. "मारली."