इमामचाचांचा सोमवार

सोमवार उजाडला की इमामचाचा काळी शेरवानी चढवायचे, कानात अत्तराचा फाया खोचायचे आणि ज्या दुकानात नोकरीला होते त्याच दुकानासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. दिवसभर. काही करायचे नाहीत. कुणी हाक मारलीच तर त्याच्या डोळ्यात डोळे घालून शांतपणे सांगायचे, "आज मी न्हाय."

धडधडीत समोर बसलेला माणूस आपण नाही म्हणतो, त्यावर कोण काय बोलणार? लोक हसायचे आणि पुढं जायचे.

मुरूम गावच्या पेठेत मल्लप्पाशेठचं कापडाचं दुकान होतं. तिथं चाचा आणि मी एकाच गादीवर बसून गिऱ्हाइकांना कापड दाखवायचो. गज जाऊन मीटर आला, तेव्हाची ही गोष्ट. एकाच गादीवर म्हणालो खरा, पण बाया आल्या की त्यांची पाठ माझ्याकडं आणि तोंड चाचांकडं. चाचा असा काही ताका फेकायचे की कापड लाटेसारखं उलगडत जाऊन नेमकं गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी थांबायचं. मी फेकला की ताका एक तर माझ्याच पायावर यायचा, नाही तर पानाच्या डब्यावर. "भाभी, हा रंग तुमच्यासाठीच पैदा झाला बगा," असं चाचा म्हणाले की ती बाई लुगडं घेतल्याशिवाय उठायची नाही. तेच वाक्य मी एकदा म्हणून बघितलं, तर बाईच्या नवऱ्यानं मला बाहेर बोलावलं.

तेव्हा स्पष्टच सांगतो, इमामचाचांचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका.

त्यात हे सोमवारचं प्रकरण आलं. दुकानांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असा कायदा आमच्या गावाला लागू झाला होता, पण तो आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हता. चाचा मेव्हण्याकडं सोलापूरला गेले होते. मेव्हणा गिरणीत होता आणि गिरणीतली माणसं हक्काच्या गोष्टी चहासारख्या घोटाघोटानं पितात. तिथून चाचा परत आले ते सुट्टी घेऊनच. आल्या आल्या गादीवर बसायच्या आधी ते शेठना म्हणाले, "शेठ, हप्त्याला एक दिवस आमचा हाय म्हनं. सरकारनं दिलाय. तुमी दाबून धरलाय."

मल्लप्पाशेठ तसे देवभोळे, पण हिशेबी. त्यांनी धंदा न बुडवता कायदा पाळायची युक्ती काढली. 'सोमवारी दुकान बंद' अशी पाटी झकास रंगवून घेतली. सोमवारी पुढच्या फळ्या लावल्या. आणि बोळातलं मागचं दार उघडलं. आम्ही नोकर मागून आत, गिऱ्हाईक मागून आत. पुढून दुकान बंद, मागून चालू.

सगळे गेले. चाचा गेले नाहीत.

मी आत कंदिलाच्या उजेडात घामाघूम होऊन मांजरपाट फाडत असायचो. दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून समोरचा कट्टा दिसायचा. तिथं चाचा, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून, मांडीवर मांडी टाकून, पान चघळत. चारमिनारवर मालकी असल्यासारखे. कधी आभाळाकडं बघायचे, कधी आमच्या फळ्यांकडं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस सुट्टी खातो आणि ती आम्हाला दाखवून खातो, असं वाटायचं. मग तू का नाही घेतलीस सुट्टी, असं तुम्ही विचाराल. घरी आई, बायको, चार पोरं. शेठच्या कपाळाची आठी मला परवडणारी नव्हती, आणि चाचांना ती परवडते हेच तर पोटात दुखत होतं.

सुट्टीबाबत ते सोवळंही फार पाळायचे. सोमवारी कुणी ओळखीची बाई कट्ट्याशी आली आणि पदर पुढं करून म्हणाली, "चाचा, ह्यो रंग टिकंल का वो?" तर चाचा मान वळवायचे. पदराकडं बघणं हेही दुकानाचंच काम.

लग्नसराई आली आणि शेठचा धीर सुटला. लग्नसराईत बस्ते बांधायचे असतात. दोन्हीकडचे व्याही, विहिणी, मामा, मावशा सगळं गणगोत दुकानात येऊन लग्नाचं कापड घेतं, आणि ते चाचांशिवाय जमत नसे. शेठनी त्यांना बोलावून घेतलं.

"इमामसाब, कायदा काय तुमच्या एकट्यासाठीच आलाय व्हय? सोमवारी मागून येत जावा."

"पुढून बंद तर मागूनबी बंद, शेठ."

"मग गादीवर बसू नका. गोदामात जाऊन बारदान घडी घाला. आन् लग्नसराई सरली की तुमचा रस्ता तुमी बगा."

"घालतो की बारदान. पर सोमवारी तितंबी न्हाय."

आणि खरंच ते गोदामात गेले. आयुष्यभर मखमल-मलमल हाताळलेला माणूस गोणपाटाच्या धुळीत शिंकत बसला. गादीवरची त्यांची जागा शेठनी मला दिली. वर्षानुवर्षं जिच्यावर डोळा ठेवला ती जागा. बसलो, तर पहिल्याच बाईनं विचारलं, "चाचा कुठं गेले?" दुसरीनं विचारलं. तिसरी तर आल्या पावली परत गेली. गोदामात बसूनही हा माणूस मला गादीवर सुखानं बसू देत नव्हता.

अशाच एका सोमवारी जळकोटची मंडळी बस्त्याला आली. बंद दुकानातला बस्ता ही काय चीज आहे ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. बस्त्यात भांडण व्हावंच लागतं, आणि इथं आवाज काढायची बंदी. त्यामुळं विहिणी एकमेकींवर कुजबुजत तुटून पडत होत्या. "आमच्या मानाचं लुगडं असलं?" हे वाक्य दात-ओठ खाऊन, पण कानात सांगितल्यासारखं. मुलाचे मामा रुसले तेही चवड्यांवर चालत.

तेवढ्यात फटीतून मला दिसलं, एक पँटवाला माणूस सायकल टेकवून चाचांपाशी उभा आहे. बगलेत कागदांची पिशवी. दुकानांचा इन्स्पेक्टर. मी शेठना खूण केली. शेठनी कंदील बारीक केला. सगळे जागच्या जागी थिजले.

"हे दुकान आज खरंच बंद असतं का?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

मी फटीला कान लावला. नोकरी जाणार हे चाचांना ठाऊक होतं. एका शब्दात शेठचा हिशोब चुकता करता आला असता. चाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

"साहेब, मी हितं नोकर हाय. पर आज मी न्हाय. सुट्टीत मी दुकानाचं बोलत नसतो. उद्या या."

इन्स्पेक्टर हसला. त्यानं सायकल वळवलीसुद्धा. आत बस्ता बांधून झाला होता. गाठोड्याला हळदकुंकू लावून झालं होतं. बस्ता बांधला की उंबऱ्यावर नारळ फोडायचा, ही आमच्या दुकानाची बापजाद्यांपासूनची रीत. शेठच्या हातात कुणीतरी सवयीनं नारळ दिला आणि शेठनीही सवयीनं, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, तो पुढच्या उंबऱ्यावर खाड्कन हाणला. पाणी फळ्यांखालून थेट रस्त्यावर गेलं.

इन्स्पेक्टर परत फिरला, बोळातून मागं आला आणि अख्खा जळकोटचा गोतावळा त्याच्यासमोर उभा राहिला. शेठनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

त्यानं खोबरं खाल्लं, पण सोडलं नाही. सोमवारी पुढची-मागची दोन्ही दारं बंद, आणि सुट्टी घेतली म्हणून कुणाला काढणार नाही, असं शेठना लिहून द्यावं लागलं. चाचा गादीवर परत आले. मी पुन्हा पानाच्या डब्याशेजारी सरकलो.

पुढचा सोमवार आला. मला आयुष्यातली पहिली सुट्टी. इतके दिवस जे फटीतून बघितलं, ते आपणही करायचं असं मी ठरवलं होतं. धुतलेला सदरा घातला आणि कट्ट्यावर जाऊन चाचांच्या शेजारी बसलो. मांडीवर मांडी टाकली. समोर दुकान खरोखरच बंद. बोळ सुनसान. थोड्या वेळानं मला कंटाळा यायला लागला. यात एवढं काय होतं, ते समजेना.

चाचांचा चेहरा उतरलेला. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

"चाचा, जीव बरा न्हाय का?"

"बरा हाय." मग फळ्यांकडं बघत म्हणाले, "आज आवाज न्हाय, दत्तोबा."

"कसला आवाज?"

"तुमचा. फळ्यांच्या आतून यायचा. तू कापड फाडायचास, शेठ खेकसायचे, बाया कुजबुजायच्या. चहा आला की कपबश्या वाजायच्या. मी हितं बसून ऐकायचो. लई जळायचो बग तुमच्यावर."

माझा कानांवर विश्वास बसेना. "मग आत का आला न्हाईत?"

"हक सोडायचा व्हय? हक तर घ्यायाच पायजे." त्यांनी शेरवानीवरची न पडलेली धूळ झटकली. "दिवस दिला सरकारनं. त्या दिवशी जायचं कुठं, ते काय कायद्यात न्हाय. पोरगी गुलबर्ग्याला दिली. तिची आई तर त्याच्याबी आधी गेली. घरात मी आन् घड्याळ. तू मला सांग, मी कुठं जाऊ?"

एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो बाहेर बसून माझ्यावर जळत होता. मला एकदम वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

"चला घरी," मी म्हणालो.

ते आढेवेढे घेत आले. माझ्या घरी पिठलं-भाकरी होती. तासाभरात पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर, आई पदर तोंडाला लावून हसतेय, आणि बायको त्यांना आग्रह करून चौथी भाकरी वाढतेय. मला तिसरीला विचारत नाही ती. माझ्या पोटात ओळखीचं काहीतरी पुन्हा दुखायला लागलं.

दिवेलागणीला चाचा उठले. जोडा पायात घालायला त्यांना नको तितका वेळ लागला. मग माझ्याकडं न बघता, रस्त्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "दत्तोबा, फुडच्या सोमवारी दुकान बंदच असंल न्हवं?"

"बंदच असतंय, चाचा," मी म्हणालो. "जेवायला इकडंच या."

"बगतो," ते म्हणाले आणि बोळाच्या वळणापर्यंत दोनदा मागं वळून बघत गेले.