धारपांचा कलता डबा

"कोपर वाकवा," हे धारपकाका माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

कोलकात्यात, डमडमच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. ह्यांची बँकेतली बदली, निम्मं सामान अजून खोक्यांत. खालच्या मजल्यावर एक मराठी जोडपं राहतं असं वॉचमननं सांगितल्यावर मी हरखून गेले आणि बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले. एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं दार उघडलं. कानावर पेन्सिल, गळ्यात मोजपट्टी. मी नाव सांगितलं, लाडू पुढे केले. त्यांनी लाडवांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उंची शालूइतकीच आहे. सरळ उभ्या राहा. कोपर वाकवा." आणि खरोखरच माझ्या कोपरापासून फरशीपर्यंत पट्टी लावली.

"शिंपी नाहीत हो ते," आतून येत शालिनीकाकू म्हणाल्या. "जहाजवाले आहेत. या, बसा. मोजून झालं की सोडतात."

काकांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीजवळ, जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात झाली होती. ते ड्रॉइंग ऑफिसात होते. जहाजावरची कपाटं, खण, दारं यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. बोट कितीही कलली तरी खण उघडता कामा नये, कपातलं सांडलं तरी कपाटातलं सांडता कामा नये, हा त्यांचा धर्म. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण जमिनीवरचं जग त्यांना पटलं नव्हतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, शेजारच्या पोराला गणितात कमी मार्क पडले, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मठ्ठा संपला, कशावरही त्यांचं एकच वाक्य असायचं: "जहाजावर चाललं असतं का हे?"

मंडळातल्या लोकांनी त्यांना आमंत्रण द्यायचंच सोडलं होतं. एका गणपतीत अध्यक्षांचं भाषण चालू असताना काका स्टेजखाली शिरले आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "आणखी एक जाड माणूस वर चढवू नका. बाकी भाषण चालू द्या." स्टेज कोसळलं नाही. त्यामुळे लोक अधिकच चिडले.

तर या काकांनी आमच्या ओळखीच्या सुमारास एक काम हातात घेतलं होतं. ओट्याखालच्या कपाटात बसणारा, पुढे कलणारा तांदळाचा डबा. कल्पना सोपी होती. कपाटाचं दार म्हणजेच डब्याची पुढची बाजू. मूठ ओढली की डबा तळाच्या बिजागरीवर पुढे झुकणार, ठरल्या जागी थांबणार, आपण हात घालून तांदूळ घ्यायचे. मूठ सोडली की तो आपल्याच वजनानं मागे जाऊन बंद. वाकायला नको, उचलायला नको आणि मुख्य म्हणजे झाकण नको. झाकणच नाही तर ते लावायला विसरणार कसं?

काकू विसरत होत्या. डबे उघडे राहायचे, कोलकात्याच्या दमट हवेत तांदळात पोरकिडे व्हायचे, साखरेत मीठ पडायचं. सुरुवातीला त्या स्वतःच हसायच्या. काका हसत नसत. "लक्ष कुठं असतं तुझं?" असं ते इतक्या मोठ्यानं विचारायचे की वर आमच्या स्वयंपाकघरात मी दचकून माझ्या डब्यांची झाकणं तपासायची.

पहिल्या डब्याच्या चाचणीला मला बोलावणं आलं. उंची काकूंइतकी, म्हणून. मी मूठ ओढली. डबा निम्मा बाहेर आला आणि अडकला. मागचा वरचा कोपरा कपाटाच्या छताला जाऊन भिडला होता.

"अर्थात!" काका कपाळावर हात मारून ओरडले. "कलताना मागचा कोपरा वर जाणार. मागची बाजू उतरती हवी. गाढव आहे मी." जगात ज्यांना त्यांनी गाढव ठरवलं होतं त्यांच्या रांगेत त्यांनी स्वतःलाही तितक्याच निष्पक्षपणे उभं केलं. दुसऱ्या डब्याची मागची बाजू उतरती झाली. मूठ ओढली, डबा छान कलला. मग त्यांनी तो काठोकाठ भरला आणि मला पुन्हा ओढायला लावलं. आतले तांदूळ सरसर पुढे आले, डबा अडवणारी साखळी तुटली आणि सगळा गोविंदभोग तांदूळ माझ्या पायांवर.

काकू खुर्चीत बसून मोकळेपणानं हसल्या.

"हसतेस काय? तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं!"

काकूंचं हसू मावळलं. "मी कधी मागितला होता?" त्या म्हणाल्या आणि केरसुणी शोधायला उठल्या. काका तांदळाकडे बघत राहिले. "तांदूळ पाण्यासारखा वागत नाही आणि दगडासारखाही नाही," ते मला म्हणाले. बायकोचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कळलं नाही.

पुण्याला असलेल्या मुलाचा फोन यायचा. फोन स्पीकरवर असायचा, कारण काकांना ऐकू कमी यायचं. "बाबा, असले डबे बाजारात तयार मिळतात हो." काका म्हणाले, "मुलगेही तयार मिळत असते तर बरं झालं असतं." त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. पण काका एका मॉड्युलर किचनच्या दुकानात मला घेऊन गेले. तिथल्या चकचकीत डब्यात प्लास्टिकची सफरचंदं होती. काकांनी ती काढून विक्रेत्याच्या हातात दिली, पिशवीतून तांदूळ काढून डब्यात ओतले आणि मूठ ओढली. मग आम्हाला दुकानाबाहेर जायला सांगण्यात आलं. परतताना मेट्रोत मी त्यांच्यापासून एक सीट सोडून बसले. काका मात्र प्रसन्न होते. "त्यांचाही पडतो," ते म्हणाले.

पुढच्या वर्षभरात काकूंचं विसरणं झाकणांपुरतं राहिलं नाही. गॅस, मग दिवस, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. दिवसरात्र सोबतीला मिनोती नावाची आया आली. आणि काकांची ठोकाठोक थांबण्याऐवजी वाढली. रोज दुपारी करवत, रोज दुपारी हातोडी. इमारतीत बायका बोलायला लागल्या. बायकोला आपली ओळख राहिली नाही आणि हा माणूस डबे करतोय! मीही बोलले. माझ्या सुरात जरा जास्तच कडवटपणा होता, कारण माझ्या पायांवर तांदूळ सांडलेले होते.

मग एक दिवस डबा जमला. मला कुणी बोलावलं नव्हतं, मिनोतीनंच जिन्यात सांगितलं. भरलेला डबा अलगद कलतो, थांबतो, सोडला की मागे जातो. मला बरं वाटलं. संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. अंगावर घरचाच बनियन. "किल्ली विसरलात?" मी विचारलं. "नाही." "मग?" "बसलोय." संध्याकाळी मी कचरा टाकायला उतरले तेव्हाही ते तिथंच होते. चहा दिला तर घेतला नाही. जहाजावर काय चाललं असतं आणि काय नसतं, याबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, भांडण झालं असेल. मनात म्हटलं, बरी जिरली.

त्यानंतर दोनेक दिवसांत खालून पुन्हा हातोडीचा आवाज सुरू झाला. आता मात्र मी तावातावानं खाली गेले. म्हातारीला जरा शांतपणे पडू द्या, एवढं तरी तोंडावर सांगायचंच, असं ठरवून. दार मिनोतीनं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येत होता. त्या त्यांच्या मोडक्या हिंदी-बंगालीत बोलत होत्या. बाहेरच्या माणसाशी बोलायची ती त्यांची भाषा. "मिस्त्री, चा खाबेन? चिनी थोडा जास्ती हो गया."

"दिन, माशीमा," उत्तर आलं. दिन म्हणजे द्या, आणि इथले कारागीर वयस्कर बाईला माशीमा म्हणतात. आवाज काकांचा होता.

मी दारातून पाहिलं. काका फरशीवर मांडी घालून बसलेले, डोक्याला गमछा बांधलेला, समोर तो जमलेला डबा बिजागरीतून सोडवलेला. काकू स्टुलावर. त्यांनी गडीमाणसांसाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप काकांच्या हातात दिला. साखर जास्त पडली म्हणून ज्यांनी एकेकाळी भरला कप बेसिनमध्ये ओतला होता, ते काका तो कप दोन्ही हातांत धरून चहा पीत होते.

"जल्दी पीओ," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "साहब आएगा. बहुत गुस्सेवाला है."

"हां, माशीमा."

"तुमको भी डाँटता है?"

काकांनी आणखी एक घोट घेतला.

"मेरे को सातारा में स्कूल में नौकरी मिला था," काकू सांगू लागल्या. "छोटा बच्चा लोग का क्लास. साहब बोला, क्या जरूरत है. इधर ले के आया. फिर कभी पूछा नहीं, कैसा लगता है." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मिस्त्रीला नळ गळतो म्हणून सांगावं, तसं सांगितलं. "आदमी खराब नहीं है. लेकिन उसका आवाज आता है ना, तो हाथ से सब गिर जाता है."

मी मागे सरले. थोड्या वेळानं काका बाहेर आले. मला बघून गमछा सोडला आणि मला जिन्यात घेऊन गेले.

"ऐकलंत?"

"हो."

"नवरा म्हणून आत गेलो की किंचाळते. परका पुरुष घरात शिरला म्हणते. मिनोतीच्या मागे लपते." ते कठड्याकडे बघत बोलत होते. "एकदा डबा दुरुस्त करत बसलो होतो तर मला मिस्त्री समजली. चहा दिला. गप्पा मारल्या. मिस्त्री चालतो तिला."

"आणि त्या दिवशी तुम्ही इथं पायरीवर..."

"डबा जमला ना! ती म्हणाली, काम झालं, आता उद्यापासून यायला नको. आणि तिनं खरंच येऊ दिलं नाही. सरळ दाराला आतून कडी घातली." त्यांनी नाक ओढलं. "मग सकाळी ती झोपेत असताना मिनोतीनं कडी काढली, तसा आत गेलो आणि बिजागरी वाकवली. चांगली बसलेली बिजागरी. आयुष्यात कधी चांगलं काम बिघडवलं नव्हतं मी."

काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "त्यांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. आजारात माणूस काहीही बोलतं."

"मूर्खासारखं बोलू नका," काका ताडकन म्हणाले. "सगळं खरं बोलते ती. एक शब्द खोटा नाही. फक्त आधी कधी बोलली नव्हती." मग हळू आवाजात, "बोलली असेल. मी मोजत असेन काहीतरी."

यात कुणाला काही सुंदर दिसत असेल तर मला तेव्हा ते दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की एका माणसाला स्वतःच्या घरात शिरायला दुसरा माणूस व्हावं लागतं, आणि तो दुसरा माणूसच बरा निघतो.

तेव्हापासून मीही अधूनमधून दुपारी खाली जाते. काकूंच्या लेखी मी कधी मंडळातली कुणी, कधी मिनोतीची बहीण. डबा रोज थोडा जमतो, रोज थोडा बिघडतो. परवा मी तिथं असतानाच काकांचा पेचकस निसटला आणि तळव्यात घुसला. "आई गं!" ते कळवळले. "मेलो!"

काकू चमकल्या. स्टुलावरून पुढे झुकून त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. आता ओळखणार, आता किंचाळणार. मिनोतीही दारात येऊन उभी राहिली.

"अगबाई!" काकू म्हणाल्या, मराठीत. "मिस्त्री, तुम्हाला मराठी येतं?"

काकांनी हात मुठीत दाबून धरला होता. "थोडं थोडं येतं," ते म्हणाले.

"मग इतके दिवस बोलला नाहीत ते! मी आपली जीभ वेडीवाकडी करतेय." काकूंचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पदरानं काकांचा तळवा पुसला आणि पटकन दाराकडे नजर टाकली. "आमच्या ह्यांच्यासमोर मात्र बोलू नका हं. ते लगेच चुका काढतात."

"नाही बोलणार."

"पण ते यायला अजून अवकाश आहे. तोवर बोला की काहीतरी."

काकांनी डबा बाजूला सरकवला. सगळ्या इमारतीला बोलून जेरीला आणणारा माणूस, आणि त्याला काय बोलावं हे कळत नव्हतं. मग, अनोळखी घरी आलेला माणूस विचारतो तशा अदबीनं, त्यांनी विचारलं, "साताऱ्याच्या त्या शाळेत तुम्ही मुलांना काय शिकवणार होता?"

काकूंनी स्टूल पुढे ओढलं.