बिजागरीचं पिस्तूल

शस्त्रसंग्रहालयाचे भांडारपाल महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. मात्र संग्रहातलं प्रत्येक हत्यार निकामी असल्याचा दाखला आल्याशिवाय त्यांना कार्यमुक्त करता येणार नाही, असं परिपत्रक निघालं. दोनशे अकरा दाखले आले, एक राहिला. लेकीकडे कायमचं राहायला जायची बांधाबांध कधीच झाली होती. बायकोनं गाद्यासुद्धा गुंडाळल्यामुळे दोघं आठवडाभर सतरंजीवर झोपत होती.

राहिलं होतं ते सैन्याचं एक दुर्मीळ पिस्तूल. ते एखाद्या कारागिरानं नव्हे, तर समितीनं घडवलं होतं. पायदळाला नळी आखूड हवी होती, घोडदळाला लांब. समितीनं दोघांचा मान राखून नळीला मधोमध बिजागरी बसवली. अपघात टाळण्यासाठी तीन खटके ठेवले. पहिला उजव्या अंगठ्यानं उघडायचा, दुसरा डाव्या. तिसऱ्याला कुलूप होतं आणि किल्ली वरिष्ठांकडे. अशी सात पिस्तुलं लढाईवर गेली. शत्रू समोर आला त्या दिवशी वरिष्ठ रजेवर होते. सहा जणांनी पिस्तुलं शत्रूला फेकून मारली, आणि तेव्हा मात्र एकाचाही नेम चुकला नाही. सातवं कमरेच्या चामडी पाकिटातून बाहेरच आलं नाही, कारण पाकीटही समितीनंच केलं होतं. म्हणून ते तेवढं उरलं.

परवाना कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट केला. "निकामी केल्याची तारीख?"

"केलेलं नाही साहेब, मुळातच निकामी आहे. आजवर एक गोळी सुटलेली नाही."

"मग निकामी केलं कोणी?"

"ज्यांनी बनवलं त्यांनीच."

"त्यांची सही आणा."

"अहो, दीडशे वर्षं झाली!"

"हे बघा काका, बिघडलेल्या हत्याराला दाखला मिळत नाही. बिघडलेलं कधीही दुरुस्त होऊ शकतं. चालतं हत्यार आमच्या पद्धतीनं निकामी केलं की लगेच दाखला. आधी चालू करून आणा."

"मग आणा की!" बायको घरी कडाडली. "बत्तीस वर्षांत स्वयंपाकघरातला पंखा काही तुम्हाला चालू करता आला नाही. निदान हे तरी करा."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं पिस्तूल पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्यानं बिजागरी सांधून टाकली, कुलूप काढून फेकलं. नियमाप्रमाणे संग्रहालयाच्या अंगणात कारकुनासमोर चाचणी झाली. गोळी कारकुनाच्या फायलीतून आरपार गेली आणि मोठ्या साहेबांच्या खोलीतलं घड्याळ फोडून भिंतीत रुतली. कारकुनानं फायलीतल्या भोकाशेजारी नोंद केली, 'हत्यार समाधानकारक'.

आता ते निकामी करायचं तेवढं बाकी होतं. पण बातमी फुटली. महिन्याला नऊ माणसं येणाऱ्या संग्रहालयासमोर सकाळी सातलाच रांग लागली.

"निकामी?" मोठे साहेब फुटक्या घड्याळाखाली बसून म्हणाले. "वेड लागलंय का तुम्हाला? लोक कौतुकानं बघायला येतायत!"

"साहेब, मग नव्या भांडारपालांकडे ताबा तरी द्या."

"ते नको म्हणतात. चालतं हत्यार आहे, आणि त्यांची मुलं लहान आहेत. तुम्ही अनुभवी. पुढील आदेशापर्यंत तुम्हाला मुदतवाढ. हां, दहा प्रेक्षकांनी लेखी मागणी केली तर निकामी करण्याचा विचार करू. लोकमताचा आम्ही आदर करतो."

बायको एकटीच लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, "सतरंजी ठेवलीय. दहा सह्या झाल्या की या."

मागच्या रविवारी तुम्हीही आला होतात. तासभर रांगेत उभं राहून काचेशेजारी स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलंत, "काका, अजून उडते का हो गोळी?"

"उडते ना," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे केला. "निकामी करा म्हणून सही देता? पहिलीच आहे."

"परत जाताना करतो," असं म्हणून तुम्ही लेकीला खांद्यावर घेतलंत, आणि नळीच्या अगदी समोरची जागा मिळावी म्हणून पुढच्या माणसाला कोपरानं बाजूला सारलंत.