ल्युसिनचा पाण्याशी उभा दावा

आईने पाण्याचा गडू पुढे केला आणि वैभवी विजेचा झटका बसल्यासारखी मागे सरकली. अंग आक्रसून कपाटाच्या आड जाऊन बसली. आई विजयमालाबाई हसल्या, पण दारातून हे पाहणारे तिचे वडील जानराव धावतच आत आले.

जानरावांचा जीव मुळातच उतावळा. चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जायच्या आधीच ओरडणारा माणूस. त्यात किन्हीराजा गावात पिसाळलेलं कुत्रं फिरत असल्याची हूल उठलेली, तसलं कुत्रं चावलं की माणूस पाण्याला भितो हे त्यांनी ऐकलेलं, आणि ही पोरगी दारच्या पिलाला रोज मांडीवर घेऊन पोळी चारायची.

"तुले कुत्रं चावलं काय?"

"नाही बाबा. मी ल्युसिन आहो."

एकुलत्या एका पोरीने आपलं नावच वेगळं सांगितल्यावर जानरावांनी तिचं कपाळ चाचपून पाहिलं. वैभवीने मग सगळं उलगडून सांगितलं. विज्ञान मेळाव्यात बारावीच्या वर्गाचं नाटक होतं. एकेक पोर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. काही आम्लांच्या अंगात ध्रुवीयता असते, म्हणजे एका बाजूला किंचित धन भार आणि दुसऱ्या बाजूला ऋण. ती पाण्याला जाऊन चिकटतात. ल्युसिनसारख्यांचं पाण्याशी पटत नाही, ती आत दडतात, आणि या ओढाताणीत प्रथिनाची घडी पडते. भूमिका अंगात भिनली पाहिजे, असं मॅडमनी बजावलं होतं. यातलं जानरावांच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की पाणी नको आणि आत दडायचं. पोरगी बरळते आहे, याबद्दल त्यांची खात्रीच पटली.

शेजारच्या बाबूसिंगने तेल ओतलं. म्हणे, अशा वेळी कुत्रं बांधून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. झालं, जानराव पिलाला बांधायला धावले. त्या बिचाऱ्याला जन्मात कोणी बांधलं नव्हतं. ते पलंगाखाली शिरलं, मागोमाग जानरावही शिरले. बाहेर आले तेव्हा पिलू हातात होतं आणि अंगठ्यातून रक्त येत होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं आणि पिलू खांबाला जखडलं. मायलेकींना बाबूसिंगच्या ऑटोत कोंबून त्यांनी मालेगावची वाट धरली. वाटभर एक हात वैभवीच्या कपाळावर आणि तोंडाने देवाचा धावा. पोरीला काही झालं तर आपण जगून काय करायचं, हा एकच विचार त्यांना पोखरत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वैभवीपुढे पाण्याची बाटली धरली. भूमिका गेली चुलीत. उन्हातून आलेल्या पोरीने ती एका दमात रिकामी केली आणि दुसरी मागितली. जानरावांना रडूच कोसळलं. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला, आणि डॉक्टरीणबाईंना अंगठा दिसला.

"हे काय आहे?"

"काही नाही जी. पिलू बांधताना जरासं लागलं."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन काढायला सांगितलं. त्याआधी साबण लावून वाहत्या नळाखाली जखम चांगली धुवून घ्या, असंही फर्मावलं. नर्स हेमलाबाईंनी नळ सोडला. साबणाच्या पाण्याने अशी आग झाली, की जानरावांनी हात ओढून घेतला आणि ते थेट बायकोच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

हेमलाबाई गंभीर झाल्या. हलक्या आवाजात त्यांनी विजयमालाबाईंना विचारलं, "हे पाण्याले कवापासून भेऊन राह्यले?"

वैभवीने वडिलांचा हात धरून नळाखाली नेला.

"भेऊ नका सिस्टर," ती म्हणाली. "आमच्या नाटकात एक ल्युसिन कमीच पडून राह्यलं होतं."