भिंतीवरची तिसरी चिठ्ठी

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाने सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता पत्नीस गंभीर वचन दिले, "आजपासून अजाइलचे स्प्रिंट बंद. दर पंधरवड्याची ती घोडदौड संपली. आता कानबान, म्हणजे एका वेळी मोजकीच कामे! भिंतीवर फळा लागू दे, मी दिवेलागणीला घरात."

पत्नीच्या पायाचे प्लास्टर नुकतेच निघाले होते. डॉक्टरांनी रोज थोडे चालावयास सांगितले होते. परंतु एकटीने रस्त्यावर पाऊल टाकण्यास तिचे मन धजत नव्हते, आणि हात धरणारा इसम ऑफिसातून सुटत नव्हता. तिने त्याच्याच पिवळ्या चिकट कागदावर लिहिले, 'मला फिरायला नेणे', आणि तो त्याच्या खिशात सारला.

"विसराल, म्हणून."

ऑफिसात फळ्यावर तीन रकाने आखले गेले: करायचे, चालू, झाले. प्रमुखाने नियम खणखणीत स्वरात वाचले. चालू रकान्यात तीनच चिठ्ठ्या. काम पुरे झाल्यावाचून कोणीही चिठ्ठी हलवावयाची नाही, मग तो कोणी का असेना. आणि ज्याने काम केले त्याने 'झाले' म्हणावयाचे नाही. दुसऱ्याने तपासून म्हणावयाचे.

मग खिशातील तीन चिठ्ठ्या त्याने न वाचताच मोठ्या दिमाखात चालू रकान्यात चिकटविल्या. तुकडीत खसखस पिकली.

"अरे, ती तिसरी घरची आहे. काढतो."

"हात नका लावू, सर," तुकडीतील सर्वांत ज्येष्ठ ताई म्हणाल्या. "काम कुठे झालंय?"

"ताई, मी प्रमुख आहे."

"तो कोणी का असेना, असं मघाशी कोण म्हणालं?"

पहिल्या दोन चिठ्ठ्या प्रोग्रामरांच्या दुरुस्तीवाचून अडल्या होत्या. तिसरी ही अशी. पैसे भरण्याचे जे पान संध्याकाळी ग्राहकाच्या हवाली करावयाचे होते, त्याची चिठ्ठी 'करायचे' रकान्यात लोंबकळत राहिली, आणि तुकडी हाताची घडी घालून शिस्त पाळीत बसली. इतक्यात मोठे साहेब आले.

"ते पान कोण तपासतंय?"

"कोणी नाही, साहेब. चालूमध्ये जागा नाही," ताई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून तिसरी चिठ्ठी वाचली. मग प्रमुखाकडे पाहिले.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

भर दुपारी दारात नवरा पाहून पत्नीचा चेहराच उतरला. "अहो, नोकरी गेली?"

"नाही गं. चप्पल घाल. तुकडी खोळंबली आहे."

त्याचे कोपर घट्ट धरून ती रस्त्यावर उतरली. कोपऱ्यावरच्या बाकापाशी तिने कोपर सोडले आणि चार पावले एकटीने टाकली. प्रमुखाने तत्काळ ऑफिसात फोन लावला.

"ताई, झालं!"

"तुम्ही नाही म्हणायचं, सर. वहिनींना द्या."

पत्नीने फोन घेतला. नवऱ्याकडे एकवार नीट पाहिले.

"नापास. निम्म्या वाटेत ऑफिसला फोन लावला. उद्या पुन्हा करायला लावा."

येणेप्रमाणे कानबानच्या पहिल्याच दिवशी चालू रकान्याची मर्यादा तीनवरून चार करणे भाग पडले. ती तिसरी चिठ्ठी अद्याप तेथेच आहे. पत्नी आता एकटी बाजारापर्यंत जाऊन येते. तथापि रोज दिवेलागणीला प्रमुख तिला फिरावयास नेतो, आणि रोज काही ना काही कारणाने नापास होतो.

त्याची तक्रार नाही.